डोळे मिटा, काही विचार करू नका

उद्यमबागेतल्या फाउंड्रीतले नागाप्पा हलगेकर.
डोक्याला एकवीस तारा,
केसांत काळी वाळू, तीन वेळा पुसली तरी उरलेली.
सासुरवाडीला आल्यागत अवघडून बसलेत.

डोळे मिटा, म्हणते. काही विचार करू नका.
पडद्यावर मागच्या बाजूला सारख्या, गोल लाटा,
वारा नसताना मार्कंडेय नदीवर असतात तशा.
मग एकदम विस्कटतात.
काय आठवलं हो?
काय न्हाई की.
खोटं बोलत नाहीत. त्यांना खरंच कळलेलं नाही.

सकाळी गोकाकच्या एका म्हातारीला म्हणाले,
निधान, हळू.
यातला आधी कुठला निघाला होता?
वळून पाहिलं तर दोघेही दारात,
चपला घालून, कधीचे.

जनगणनेवाल्यानं विचारलं होतं, मातृभाषा?
पेन उचलून माझ्याकडे बघत राहिला.
मराठी, मी म्हणाले.
पण मी म्हणायच्या आत
आत कुणीतरी म्हणून मोकळं झालं होतं.
आणि सुटे पैसे मी अजून मोजते ते
ओंदु, एरडु, मूरु.

तारा काढताना नागाप्पा म्हणाले,
आमच्यात रस वतत्यात, साचा बंद.
आत काय चाललंय बगायचं तर साचा फोडाय पायजे.
आन फोडला की
चाललेलं नसतंय बाई, झालेलं असतंय.

ड्युटी संपल्यावर दार लोटून
मीच बसले त्या खुर्चीत.
कपाळाच्या तारा आरशात बघून लावल्या, मागच्या चाचपून.
डोळे मिटले की लाटा येतात, हे मला पाठ आहे.
बघायला डोळे उघडले,
लाटा गेल्या.
मिटले. असतील आता.
उघडले. नाहीत.
असं किती वेळा केलं,
झाडूवाली शांतव्वा दारात येऊन हसली तेव्हा थांबले.

मग साठवलेलं मागं नेऊन पाहिलं.
तिसऱ्या मिनिटाला दाट, काळा, काटेरी पट्टा.
तो विचार नव्हे. दात आवळल्यावर तसं उमटतं.
कुणावर आवळले होते,
ते पडद्यावर नव्हतं,
माझ्याकडेही नव्हतं.

केसांत मलम तसंच घेऊन बस पकडली.
हात आपला आपण पर्समधून
आधार कार्ड काढून तयार.
कंडक्टर म्हणाला, एल्लिगे?
खानापूर, मी म्हणाले.
म्हणजे, ऐकलं.