शेड नंबर तीन

आई बावीस वर्षं बहिरी होत गेली
ब्लॅकबर्नच्या प्रॉस्पेक्ट मिलमध्ये, तीन नंबरच्या शेडमध्ये,
चारशे मागांच्या खडखडाटात.
तिथल्या बायका ओठांनी बोलत,
आवाज न काढता, तोंड भरभरून.
कुणाचा नवरा पितो, कुणाला दिवस गेलेत,
सगळं या टोकाचं त्या टोकाला पोचायचं
धोट्याच्याही आधी.

मग मिल बंद पडली. माग भंगारात गेले.
घरातली शांतता आईला सोसेना.
रेडिओ मोठ्याने लावायची
आणि त्यावर तळवा ठेवून बसायची.

एकोणनव्वदचा डिसेंबर. शनिवारची मध्यरात्र.
पेट्रोलपंपावर सत्तर-ऐंशी गाड्या, इंजिनं चालू,
कुठे जायचंय कुणालाच ठाऊक नाही.
टेलिफोनच्या खोक्यातून युनूस धावत आला,
म्हणाला, जॅनीन, तुझ्या आईची मिल!
मागच्या दाराची किल्ली त्याच्याच खिशात.
त्याचे वडील तिथे सोळा वर्षं रात्रपाळीला;
शेवटच्या दिवशी किल्ली परत करायला विसरले,
किंवा विसरले नाहीत.

आत एक जनरेटर, एकच हिरवा दिवा,
आणि तो ठोका,
बरगड्यांवर कुणी बाहेरून थाप मारावी तसा.
कुणीतरी रेकॉर्डचं पाकीट उजेडात धरलं. डेट्रॉइट.
मोटारींचे कारखाने मिटत गेलेल्या गावात
काळ्या पोरांनी घरच्या तळघरात बसून
यंत्रांना शिकवलेला नाच.
तेव्हा आम्हाला कसलं सोयरसुतक!
आम्हाला वाटलं, हे आत्ताच, आमच्याचसाठी
गळक्या छतातून पडलंय.
युनूसनं काहीतरी विचारलं. ऐकू आलं नाही.
ओठ वाचले, उत्तर दिलं,
आणि मग दचकले:
ही भाषा मला येते.

सकाळी सातला घरी. कानात शिट्टी.
आई किटलीपाशी. तिने माझे बूट पाहिले,
वाकली, तळव्याला बोट लावलं, हुंगलं.
मागाचं तेल.
इतकी वर्षं फरशीत मुरलेलं,
आमच्या पायांनी, घामाने पुन्हा वर आलेलं.
आता कानउघाडणी होणार, मला वाटलं,
आणि ती मला ऐकूही यायची नाही.
ती ओठांनी म्हणाली, "तिसरी शेड?"
मी मान हलवली.
"खिडकीकडची फरशी अजून थरथरते?"

पाच वर्षांनी लंडनात कायदा झाला.
त्यात आमच्या संगीताची ओळख लिहिली होती:
एकामागोमाग एक येणारे तेच ते ठोके.
मी पेपर आईपुढे धरला.
चष्मा काढून डोळे पुसावे लागले, इतकी हसली.
"मग आम्हाला का नाही धरून नेलं?
बावीस वर्षं!"

सगळंच हसण्यासारखं नव्हतं.
नील ऑर्मरॉड पाणी प्यायला बाहेर गेला
तो भिंतीला टेकलेला सापडला, उजाडल्यावर.
त्याची आई अजून मला बघून रस्ता ओलांडते.
आम्ही म्हणायचो, सगळे एक आहोत.
मयताला सहाजण गेलो.

आता मिलमध्ये फ्लॅट आहेत, तळमजल्यावर हॉल.
परवा तिथेच, पन्नाशीपुढच्यांसाठी रेव्ह,
दुपारी दोन ते सात, बसायची सोय, केक.
तिकीट फोनवर, मनगटाला कागदी पट्टी.
भिंतीवर आवाज मोजणारा डबा:
पातळी ओलांडली की लाल होतो
आणि पोरगेलासा मॅनेजर अदबीने येतो.
युनूस आला होता, गुडघ्याला पट्टा बांधून.
किल्ली आणली होती त्याने, गंमत म्हणून.
आम्ही दार शोधलं. तिथे आता काच आहे.
तरी नाचलो. खोटं का बोलू,
एका गाण्याला चाळीस मिनिटं तरी
मला वय नव्हतं.

रविवारी वृद्धाश्रमात आईला सांगितलं,
सावकाश, ओठ ठळक करून:
फरशी बदललीय. लाकूड आहे, खाली रबर.
वरच्या लोकांना त्रास नको म्हणून
आता काहीच थरथरत नाही.

ती बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली,
शब्द नीट लागला नाही
अशासारखी.