मीठ जास्त झालंय

आर्सेनी आज जाणार. अकराची बस.
ऑफिसातून त्याला त्याची पिशवी परत मिळाली:
पट्टा, बुटांच्या नाड्या, मेलेला फोन,
आणि एक किल्ली, जिचं कुलूप कुठलं
ते त्यालाही आता आठवत नाही.

मी इथली स्वयंपाकीण, झिनाइदा.
समुपदेशक बाई वहीत काय लिहितात मला कळत नाही.
मला ताटं कळतात.

मार्चमध्ये आला तेव्हा नार्वा नदीवर बर्फ होता.
खाणीतला वेल्डर, पण चमचा तोंडाशी जाईतो
अर्धं सूप टेबलावर.
बीटाचं सूप. पांढऱ्या कापडावर
कुणाचा तरी खून झाल्यासारखं.
त्याने बाहीने पुसलं, माझी माफी मागितली,
मग खुर्ची सरकली तर खुर्चीची मागितली.
साऱ्या जगाचं देणं लागत असल्यासारखा.

रोज सकाळी ते शेगडीच्या खोलीत गोल करून बसतात.
कसा आहेस?
ठीक.
एप्रिलभर ठीक. मे महिन्यात ठीक.
ज्या रात्री किंचाळत उठला
तिच्या सकाळीही ठीक.
बंद पडलेल्या गोदामाला लावतात
तसं टाळं होतं ते, एका शब्दाचं.

जूनमध्ये शेळीने हजेरीपट खाल्ला,
सोमवार ते शनिवार, सह्यांसकट.
तेव्हा तो हसला.
आणि दचकला. तोंडावर हात धरून
इकडेतिकडे बघू लागला,
हा आवाज कुणाचा म्हणून.

उन्हाळ्यात इकडे धड रात्र होत नाही.
बटाट्याच्या सऱ्या संपल्या तरी उजेड संपेना.
कंटाळा आलाय, म्हणाला एकदा.
समुपदेशक बाई खूश!
मी म्हटलं, कंटाळ्याचं कसलं कौतुक?
तर म्हणाल्या, चौदा वर्षांत पहिल्यांदा
तो कंटाळ्याशेजारी बसून राहिलाय, झिनाइदा,
उठून पळाला नाही.

मग कधीतरी तो दिवा मालवून झोपू लागला.
मग शेपू चिरताना मागून आवाज आला:
हा वास माझ्या आजोळचा.
किती वर्षं नाकसुद्धा त्याचं नव्हतं.

ऑक्टोबरात एका दुपारी माझा हात चळला.
त्याने घास घेतला, चमचा खाली ठेवला.
मी जागच्या जागी थांबले. या भिंतीवर
फुटलेल्या बश्यांच्या खुणा आहेत,
मी तेवढ्यावर रंग मारू देत नाही.
तो म्हणाला,
"झिनाइदा, मीठ जास्त झालंय.
मला राग आलाय. सकाळपासून लाकडं फोडली,
भूक होती मला."
एवढंच. माझ्याकडे बघून.
मग पाणी प्यायला, आणि पाव मागितला.

मी फडताळाआड जाऊन रडले.
कांद्यावर ढकलायलाही कांदा नव्हता.

माझा किरिल नवव्या दिवशी या फाटकातून निघून गेला.
मी इथे कामाला लागले ते त्यानंतर.
त्याला राग यायचा तेव्हा तो म्हणायचा, ठीक.

गेलेल्यांतले काही परत येतात.
काहींची बातमी येते.
मी हिशेब ठेवत नाही, हिशेब ठेवणारे दुसरे आहेत.
आर्सेनीची आई सिल्लामाएला घर झाडून बसली असेल.
मुलीने अजून पत्राला उत्तर दिलेलं नाही.
तेही त्याने गोलात सांगितलं म्हणे,
आणि सांगून झाल्यावर जेवायला आला.

मी काळा पाव बांधून दिला, चार उकडलेली अंडी,
कागदाच्या पुडीत चिमूटभर मीठ.
"मोजून घातलंय," मी म्हटलं.
"बघतो चाखून," तो म्हणाला.

बस सात मिनिटं उशिरा आली.
तो सात मिनिटं नुसता उभा राहिला,
हात खिशाबाहेर.

दुपारी सोळा ताटं. मी एक उचललं,
पुन्हा मांडलं.
संध्याकाळी नवा मुलगा येतोय म्हणतात, योह्वीचा.
आज सूप नको. काहीतरी घट्ट करते,
चमच्यात थांबेल असं.