तळघरातला मंगळवार

मंगळवार आमचा. तळघराच्या भिंतीवर
कुबिट्स्की बाईंच्या अक्षरात वार आणि मजले लिहिलेत:
तिसरा मजला, उजवीकडे, सहा ते नऊ.
तेवढे तीन तास मशीन माझं.
या शरदात मात्र माझ्या मुलीचं.

फेन्या तेरा वर्षांची. एका संध्याकाळी तिनं
पावडरचा डबा कपाटावर चढवला,
जिथं आम्ही पूर्वी तिच्यापासून काडेपेट्या लपवायचो,
आणि विचारलं, "आपलं पाणी कुठं जातं, ठाऊक आहे ना?"
फुल्डाला. मग वेझरला. मग समुद्राला.
मी ट्राम दुरुस्त करतो. नद्यांबद्दल मला
एवढंच शिकवलं होतं शाळेत.

कब्रस्तानाच्या भिंतीलगत आम्ही चेस्टनट वेचले,
घोड्यांचे म्हणतात ते, खायचे नव्हेत,
नुकते काटेरी कवचातून निसटलेले,
कुणी बूटपॉलिश करून टाकल्यासारखे.
एक बाई थांबली. "रानडुकरांसाठी का?"
"मोज्यांसाठी," फेन्या म्हणाली.

हातोडी माझी, टॉवेल तिच्या आईचा, मागं राहिलेला.
ठेचलं, भिजवलं, रात्र गेली.
सकाळी बरणीत पातळ ताकासारखं काहीतरी.
तिनं बरणी हलवली
आणि फेस आला.
खरंच आला.

कुबिट्स्की बाई डोकावल्या.
"युद्धानंतर माझी आई राखेनं धुवायची.
हात सोलून निघायचे.
साबणाचं पहिलं पाकीट मिळालं तेव्हा रडली होती ती."
फेन्यानं तेही वहीत टिपलं,
मोजे: बरे,
चादर: किंचित पिवळी, सालं काढायला हवी होती,
शाळेचा शर्ट: वास नाही, कसलाच नाही,
यांच्या खाली.
"बाबांची डांगरी"पुढं नुसती रेघ.

बोगीचं ग्रीज कुणाचं ऐकत नाही.
पालथ्या घड्यावर पाणी, तेही चेस्टनटचं.
वर्कशॉपमध्ये ओझ्गुर माझ्याजवळून गेला, परत आला,
"हेनिंग, घरी नळ बंद आहे का रे?"

तिसऱ्या मंगळवारी ती वर गृहपाठ करत होती.
मी स्टूल घेतलं. अर्धा चमचा.
फक्त अर्धा, कागदाच्या पुडीत, खिशात.
चोराच्या मनात चांदणं म्हणतात,
तळघरात तर ट्यूबलाइट होती,
आणि ती लुकलुकत होती.

डांगरी निळी निघाली.
ती निळी आहे हे मीही विसरलो होतो.
फेन्यानं जिन्यातच उडी मारली,
पाच बरण्या भरल्या, चार दारांवर नेऊन दिल्या,
वर्गात सांगायचं ठरवलं.
मी नूडल्स खात राहिलो.

"पण पुन्हा करून बघू," ती म्हणाली,
"एकदा झालं म्हणजे झालं असं नसतं."

या वेळी ती पालथ्या बादलीवर बसून राहिली
काचेच्या गोल डोळ्यासमोर, तासभर,
आणि मी तिच्या शेजारी, हात रिकामे.
डांगरी काळी निघाली.
तिनं माझ्या अंगावरच्या दुसऱ्या डांगरीची बाही ओढून हुंगली,
गेल्या आठवड्यातली, निळी.
चेस्टनटला लॅव्हेंडरचा वास येत नाही.
धुतल्या तांदळासारखा मी कधीच नव्हतो,
पण इथं धुणंच पुरावा झालं होतं.

दोन मजले ती बोलली नाही.
तिसऱ्यावर, किल्ली फिरवताना:
"किती?"
"अर्धा चमचा."
तिनं वही भिंतीवर टेकवून लिहिलं.
काय लिहिलं ते मला दाखवलं नाही.

पुढच्या मंगळवारी डबा खालच्या फळीवर होता.
आत चमचा, चमच्यावर नेलपॉलिशची लाल रेघ.
अर्ध्यावर नाही. पावावर.
वाद घालायला मी तोंड उघडलं,
मग चेस्टनट सोलायला बसलो.

आज कामावर नट शोधायला खिशात हात घातला
तर हाताला आला एक चेस्टनट, सुरकुतलेला, ग्रीज लागलेला.
ओझ्गुरनं विचारलं, "हे काय?"
"साबण," मी म्हणालो,
आणि तोच हात डांगरीला पुसला.