शेरा

मखमलाबाद रोडला, जिथे द्राक्षबागा संपतात
आणि एन.ए. प्लॉटचे दगड सुरू होतात,
तिथे चार पायांवर उभी आहे माझी पांढरी पेटी.
झडपांची. दार उत्तरेला.
आत दोन तापमापक, शेजारी शेजारी,
एक कोरडा, एक ओला.
ओल्याच्या पायात मलमलीचा मोजा,
मोज्याची वात पाण्याच्या बाटलीत.
दोघांत जितकं अंतर, तितकी हवा कोरडी.
सकाळी सात, दुपारी दोन.
मधला वेळ माझा.

मंगळवारी छत्तीस. बुधवारी छत्तीस आणि आठ दशांश,
ओला मात्र अठरावर बसून,
म्हणजे दोघांच्या मध्ये
एक आख्खा जानेवारी मावेल.
पॅकिंग शेडमधल्या बाया डोळ्यांपुरती फट ठेवून
स्कार्फ बांधून चालल्या होत्या,
कडुनिंबाचा मोहर त्यांच्या डब्यांवर पडत होता.

माझ्या आधी इथे खैरनार भाऊसाहेब होते.
रजिस्टरमध्ये शेवटचा रकाना असतो, शेरा.
त्यांनी एका चैत्रात लिहिलं होतं:
'सायंकाळी वारा पश्चिमेचा. खारट.'
वरून पत्र आलं, चव लिहू नये.
पत्र अजून त्याच पानाला टाचणीने लावलेलं आहे,
टाचणी गंजली आहे.

गुरुवारी पाचनंतर तो वारा आला.
सावळघाट चढून, दमून,
पेठ रोडच्या धाब्यांचा धूर अंगाला लावून.
वातकुक्कुट किरकिरत वळला.
समुद्र इथून सरळ रेघेनेही शंभरावर किलोमीटर,
मी ओठांवरून जीभ फिरवली.
काही नाही. धूळ.
तरी दोघांतलं अंतर चार अंशांनी कमी झालं होतं.

शालन तिकडे राहते, चिंचणीला.
चिकूच्या पेट्या, भाच्याचं कॉलेज,
गच्चीवरून दिसणारं पाणी.
आईच्या पाटल्या सोनाराच्या काट्यावर ठेवल्या
त्या दिवसापासून आम्ही दोघी
फक्त हवेबद्दल बोलतो.
'तुमच्याकडे किती?'
'छत्तीस. तुमच्याकडे?'
'बत्तीस, पण घाम बघ.'
'पाठवलाय का वारा?'
'निघालाय दुपारीच.'
एवढंच. मग ती ठेवते, किंवा मी.

शुक्रवारी फोन नाही.
शनिवारी ढग, उगीच, कापसाचे,
नुसते सावली टाकून जाणारे.
बाग राखणारा तुळशीराम पोऱ्या म्हणाला,
मॅडम, पडेल का? माल अजून झाडावर आहे.
मी म्हणाले, नाही.
इतक्या खात्रीने की मलाच शंका आली.

त्याच दुपारी दोन वाजता
दोन्ही काटेकोर एकाच आकड्यावर:
सदतीस, सदतीस.
मी लिहून टाकलं. आर्द्रता शंभर टक्के.
रजिस्टर मिटलं आणि मग हसू आलं,
ओठ तडकलेले, नळाला पाणी नाही,
मातीला भेगा, आणि शंभर टक्के!
पुन्हा दार उघडलं.
बाटली रिकामी. वात वाळून कडक,
मलमल बल्बाला चिकटलेली, जुन्या खपलीसारखी.
ओला कोरडा पडला
की दोघांत अंतर राहत नाही,
आणि कागदावर ते
भर पावसासारखं दिसतं.

खोडायचं नाही, असा नियम आहे.
एक रेघ मारून वर बरोबर आकडा लिहायचा, खाली सही.
पण बरोबर आकडा आता कुठून आणू,
दोन वाजून गेले होते.

रविवारी सुट्टी नसते हवेला.
सातला गेले, मलमल बदलली,
पाणी भरलं, पंधरा मिनिटं थांबले.
ओल्याचा पारा हळूहळू
कोरड्याला सोडून खाली उतरला.
बरं वाटलं.
चामरलेण्याच्या डोंगरावर ऊन आलं होतं.
मग मीच फोन लावला.
'शालू, तुमच्याकडे किती?' असं विचारायला
तोंड उघडलं आणि विचारलं,
'गुडघा कसा आहे गं तुझा?'
पलीकडे बराच वेळ
नुसता वारा ऐकू येत होता.

शेरा:
सायंकाळी वारा पश्चिमेचा.
पुढे थोडी जागा सोडली आहे.