गोळीबार चौक, साडेआठ

मोहल्ल्यात टीव्ही एकच, सोनकुसऱ्यांचा, लाकडी शटरवाला.
अँटेना सेमिनरी हिल्सकडे तोंड करून,
तिला कुणाचा तरी अडकलेला मांजा.

बटण दाबलं की आवाज आधी यायचा,
चित्र मागाहून, ट्यूब तापल्यावर.
त्यामुळे आम्ही पोरांनी
कितीतरी शीर्षकगीतं काळ्या काचेतच पाहिली.
तिच्यात आमचेच चेहरे, आणि दारातल्या चपला.
नावं उमटेपर्यंत
दुसरं कडवं संपत आलेलं.

बाबाला ते कधी ऐकू आलं नाही.
त्याचे कान पावरलूमच्या धोट्यानं
माझ्या जन्माआधीच नेलेले.
पण सनई सुरू झाली
की एकेक माग बंद पडायचा,
आधी निपाण्यांचा, मग नंदनवारांचे चार,
मग मागच्या गल्लीतले,
आणि जमिनीची थरथर जायची.
बाबा अनवाणी तळव्यांनी ओळखायचा.
"लागलं वाट्टे गानं," म्हणायचा.
"जा नं वं, काऊन बसून राह्यली?"

गाणी लांबत गेली.
नुसत्या सनईला कोरस आला, कोरसला शंख,
मग सासूच्या नावानं रडणारी बाई, तिच्यामागे सिंथेसायझर.
घरोघरी केबल आली, रंग आला,
ज्याची त्याची मालिका, ज्याची त्याची वेळ.
माग एकदम थांबेनासे झाले.
पुढे मागच थांबले,
ते कुठल्या गाण्यासाठी नाही.
भंगारवाल्यानं किलोवर नेले,
निपाण्यांच्या खोलीत आता झेरॉक्सचं दुकान.

गाणी आखडत गेली.
चाळीस सेकंद. वीस. मग नुसतं एक ठण्ण.
माझा पोरगा तेवढंही ऐकत नाही,
'सुरुवात वगळा' असं बटण येतं,
ते यायच्या आतच त्याचा अंगठा तिथं असतो.

परवा, मे महिन्यातली रात्र,
कूलर घरघरत होता, खसचा ओला वास,
बाबा थंडाव्यासाठी खाली फरशीवर बसलेला,
तळहात टेकून.
तेवढ्यात लाइन गेली.
कूलर गेला, पंखा गेला, टीव्हीची काच काळी झाली.
पोरगा वैतागून "अरे यार" म्हणाला.

बाबानं फरशीवरचा हात उचलला,
पुन्हा टेकवून पाहिला.
मोबाइलच्या उजेडात माझ्याकडे बघून म्हणाला,
"लागलं का वं?"

मी हो म्हटलं.
मग आठवलं, आणि मान हलवली.

तो काचेकडे तोंड करून नीट बसला,
नावं यायची होती अजून.