खालची ओळ

कातळ अजून गरम आहे बुडाखाली.
मे महिन्याची अमावास्या, दहा वाजून गेलेत,
सड्याच्या टोकावरून दक्षिणेला नुसतं पाणी.
त्रिशंकू इतका वेळ ताठ उभा होता,
आता कलंडू लागलाय.
त्याच्या डावीकडे, क्षितिजापासून एक वीत चार बोटं वर,
नरतुरंगातला तो ओमेगा:
चष्म्याच्या काचेला कुणाचं तरी बोट लागावं
तेवढाच डाग.

दिवसभर दुकानात मी लोकांना विचारते,
काय दिसतंय?
आता बरं, की मघाशी बरं?
खालची ओळ वाचा.
रात्री आठ इंची आरशावर वाकून
तेच स्वतःला.

आज झिलू कोयंडे आलाय सोबत.
उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू कणकवलीला काढला,
डाव्याचा नंबर मी काढून दिला, पाऊण.
होडी विकली त्याला तीन वर्षं झाली.
हल्ली आंब्याच्या बागा राखतो;
त्याच्या बॅटरीवर मी
मिठाईच्या पुड्याचा लाल कागद बांधलाय.

"ह्यां काय? धुकां दिसता नुसतां."
सरळ बघू नको, मी म्हटलं,
जरा बाजूच्या काळोखात बघ,
आणि मन तेवढं त्याच्यावर ठेव.
तो हसला.
"तां माका शिकवू नको गो.
तारले रातचे असेच गावतत.
थेट बघलंस, की गेले."

मग गप्प.
मला ठाऊक आहे आत काय चाललंय ते:
आधी कडेला एक दाणा सुटतो,
मग त्याच्याजवळ आणखी दोन,
मग सगळा ढीगच रवाळ होत जातो मधोमध
आणि मोजणारा मोजायचं विसरतो.
पृथ्वी सरकते, ढीग काठाकडे निघतो,
मी एका बोटाने नळी ढकलते.
"रव्याचो लाडू फुटलो," तो पुटपुटला.

नैर्ऋत्येला एलईडीवाल्यांच्या बोटी लागल्या.
तिकडचं आभाळ दुधासारखं नासलं.
झिलूने मान वर केली, एकदाच पाहिलं,
थुंकला,
आणि पुन्हा वाकला.

बैठकीचा एक पाय नेहमी
कातळात कोरलेल्या पाकटाच्या शेपटीवर येतो.
मी तो उचलून बाजूला ठेवते.
कुणी कोरलं, कधी, कोण सांगणार.
पण हा उजेड तिथून निघाला
त्याला सतरा हजार वर्षं झाली म्हणतात;
तेव्हा हा दगड बहुधा
कोराच असेल.

दव पडू लागलं, खारट.
नळी ओली, माझी ओढणी ओली,
भिंगावर वाफ धरायला आता फार वेळ नाही.
झिलू हलत नाही.
सवयीने तोंडातून गेलं,
काय दिसतंय?

कितीतरी वेळाने,
डोळा न काढता,
"खालची वळ वाचतंय," म्हणाला.
"थांब गो जरा."