पाऊणकी

परवानगीचे एकवीस अर्ज आलेत, बाविसावा नाही.
दुर्बिणी तीन. त्यातल्या एकीचा डावा डोळा
गेल्या सहलीपासून धुक्यातच आहे.
ट्रॅव्हल्सवाला म्हणतो, घाटात सावकाश घेतो मॅडम,
पण पहाटेचे चार म्हणजे चार.
मी फळ्यावर लिहिते: ओहोटी.
मागच्या बाकावरून प्रश्न येतो,
ती रोज असते का?

आमच्याकडे पाणी येतं चार दिवसांआड,
तेही रात्री दोनला, घागरींची झोपमोड करत.
या पोरांना कसं सांगावं
की एक एवढं मोठं पाणी
दिवसातून दोनदा येतं, दोनदा परत जातं,
चावी फिरवणारा कुणी नसताना;
आणि ते गेलं की मागे जो चिखल उरतो
तो पक्ष्यांच्या जेवणाचं ताट असतो.
ताट वाढायच्या वेळेलाच पोचायला हवं.

इरय्या काका बरण्या पुसता पुसता थांबतात.
मार्चात निवृत्त होतील. बेडकांच्या बरण्यांवरची नावं
त्यांच्याच अक्षरात आहेत.
"तिथी कुठली धरलीय?"
षष्ठी.
"सहा पाऊण साडेचार. साडेचारला भरलेला.
वर सहा तास. साडेदहाला चिखल उघडा."
समुद्र पाहिलाय तुम्ही?
"न्हाई. मेव्हणा जयगडला बोटीवर होता, तो सांगायचा.
पाऊणकी आपली शाळेतली.
कशाला पाठ केली ते काय कळलं नव्हतं."

रविवारी होटगीच्या तलावावर सराव.
तीन दुर्बिणी, बावीस जण; म्हणून गाजुलनं आणलेत
वडिलांच्या मागावरचे सुताचे रिकामे कोन,
गुलाबी, हिरवे, टॉवेलच्या धाग्याचा वास असलेले.
एका डोळ्याला लावायचे, दुसरा मिटायचा,
नजर एका जागी बांधायला शिकायचं.
शेरडं घेऊन जाणारा एक जण उभा राहतो:
"काय बघालाय मॅडम?"
पक्षी.
"त्या भोंग्यातनं?"
तो हसतो. त्याची शेरडंही बघतात.

चिमणी म्हटलं की या शहरातली पोरं
अजून आधी गिरणीकडे मान वळवतात.
चंडोल ओळखतात, टिटवी ओळखतात,
माळढोकाबद्दल असं बोलतात
जसं गाव सोडून गेलेल्या श्रीमंत चुलत्याबद्दल बोलावं.
पण कालवफोड्या हे नाव ऐकून वर्ग खिदळला होता,
आणि कालवं म्हणजे काय
हे सांगण्यात माझा अर्धा तास गेला.

श्रीलता बोम्मा बोलत नाही.
कोन लावून बसलीय, काठावर, चप्पल काढून.
"ते बारकं धावतंय, मॅडम. थांबतंय, टोचतंय, परत धावतंय.
पाय काळे."
मी बघते. छोटा टिलवा.
उत्तरेतून आलाय, बर्फाच्या पलीकडून,
मुठीत मावेल एवढा.
याचेच भाऊबंद आपल्याला खाडीवर दिसतील, मी सांगते,
शेकड्यांनी.
ती कोन खाली घेते.
डोळ्याभोवती गुलाबी वर्तुळ उमटलंय.
"मग मी इथं राहून हेच बघितलं तर चालंल का?"

बाविसावा अर्ज तिचा.
आई विड्या वळते, आणि तिचं म्हणणं एवढंच
की पोरीला पोहता येत नाही.
मलाही येत नाही, हे मी अजून
कुणाला सांगितलेलं नाही.

त्यानंतर तीन दिवस मी याद्या करते.
गमबूट नाहीत, जुने सँडल चालतील.
टोप्या. मीठ-साखरेच्या पुड्या.
शेंगाचटणी दीड किलो, कडक भाकरी मोजून ऐंशी.
उलटीसाठी पिशव्या, कारण अर्ध्यांनी घाट पाहिलेला नाही.

गुरुवारी दुपारी अर्ज येतो, चार घड्या घातलेला,
तंबाखूचा वास येणारा.
सही आहे. मागच्या बाजूला तेलुगूत दोन ओळी,
वळणदार, दाबून लिहिलेल्या.
मला वाचता येत नाही. गाजुलला बोलावते.
तो एकदा मनात वाचतो, मग मोठ्यानं:
गुडघ्याच्या वर पाणी नको.
येताना तिथली वाळू थोडी आणावी, बघायला.

सगळे गेल्यावर मी खडू उचलते.
सहा पाऊण साडेचार.
पुन्हा करून बघते.